खालच्या घरात ठिबकतंय: बाथरूम फोडण्याआधी काय तपासायचं

पत्र: आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या १२ वर्षं जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या कॉमन बाथरूमच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे. पांढरे फुगे येतात, पोपडे पडतात, मधूनच ठिबकतंही. काकू भांडत नाहीत, पण जिन्यात भेटल्या की आम्हालाच अवघडल्यासारखं होतं. एका ठेकेदाराने सगळं बाथरूम फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग करायला सांगितलं. दुसऱ्याने फरशीवर केमिकल ओतलं. महिनाभर थांबलं, पुन्हा सुरू झालं. बाथरूम ७ बाय ४ फुटांचं आहे, खाली एक फुटी टाइल्स आहेत. आम्हा दोघांना हाताने काम करायची सवय आहे. घरी काय करता येईल? शिवाय हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला पावसाळ्यात खिडकीखाली ओल येते. त्याच भिंतीवर पुस्तकांचं शेल्फ लावायचंय, पण ड्रिल केलं की भोक मोठं होतं आणि गिट्टी आत फिरते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, दोन माणसं येऊन दोन इलाज सांगून गेली, पण पाणी नेमकं कुठून उतरतंय हे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही. ते आधी शोधा. त्याला खर्च जवळजवळ नाही, आठवडाभराचा धीर मात्र हवा. घरात दुसरं बाथरूम असेल तर हे निभेल. नसेल तर पाहुण्यारावळ्यांचे दिवस टाळून करा.

बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो. मिस्त्री त्याला ‘सनकन’ म्हणतात. त्या खड्ड्यात ड्रेनेजचे पाइप टाकतात, विटांच्या तुकड्यांचा भराव भरतात, वर कोबा आणि फरशी. फरशीतून किंवा पाइपमधून झिरपलेलं पाणी आधी या भरावात साठतं आणि मग सवडीने खाली उतरतं. म्हणूनच आज नळ बंद केला तरी काकूंकडे दोन-तीन दिवस ठिबकत राहतं आणि लोकांचा अंदाज चुकतो. केमिकल ओतल्यावर महिनाभर बरं वाटलं ना, तेही असंच. ते पातळ द्रावण सांध्यांच्या छिद्रांत शिरून काही काळ पाणी झटकतं, पण निघालेला सांधा किंवा पडलेली चीर ते भरून काढत नाही.

सुरुवात काकूंच्या घरातून करा. त्यांची परवानगी घेऊन छत नीट बघा. काही इमारतींत सनकन नसतं. वरच्या बाथरूमचे पाइप खालच्या छताला लटकवून त्यावर पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग केलेलं असतं. तसं असेल तर एक पट्टी काढून टॉर्च मारा. सांध्याला थेंब लटकलेला दिसला तर काम तिथेच संपलं, प्लंबर तासाभरात तो सांधा बदलेल. छत नुसतंच प्लास्टरचं असेल तर ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून शेजारी तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढा. पुढची प्रत्येक चाचणी या रेघेवरच जोखायची आहे.

आता चार दिवस ते बाथरूम पूर्ण कोरडं ठेवा. हात धुणंही नको. पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा. पाण्याची लाइन मात्र चालूच राहू द्या. चार दिवसांनीही काकूंकडे तितकंच, रात्रंदिवस एकसारखं ठिबकत असेल तर संशय भिंतीतल्या किंवा फरशीखालच्या नळाच्या लाइनवर जातो, कारण त्या लाइनमध्ये दाब चोवीस तास असतो. खात्रीसाठी गच्चीवरचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवून बघा. ठिबकणं त्याने उतरलं तर प्लंबरला बोलवा. तो हातपंपाने लाइनमध्ये दाब भरून काटा खाली येतो का ते बघेल. हे घरगुती काम नाही.

कोरडं ठेवल्यावर ठिबकणं कमी झालं किंवा थांबलं, तर पाणी वापरातून उतरतंय. मग फरशी की ड्रेनेज, हे वेगळं काढायचं.

फरशीची चाचणी दोनदा करा. पहिल्यांदा नहाणी ट्रॅपची (फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या तोंडाची) जाळी तशीच ठेवून तिच्यावर जाड प्लास्टिक पसरा. कडा जाळीच्या चौकटीबाहेर टाइलवर इंच-दोन इंच आणून एम-सीलने पक्क्या चिकटवा. फरशीवर इंचभर पाणी भरा, उंबऱ्याच्या खालीच राहील इतकं. तुमच्या मापाच्या बाथरूममध्ये ते साधारण ६५ लिटर होतं, चार-पाच बादल्या. उतार असल्याने कुठे कमी, कुठे जास्त उभं राहील. पाण्याची पातळी भिंतीच्या टाइलवर पेन्सिलने खुणा आणि शेजारी एका सरळ काठाच्या भांड्यात तितकंच पाणी ठेवा. चोवीस तासांत भांड्यातलं पाणी वाफेने जितकं घटेल तितकं फरशीवरचं घटणारच. त्याहून जास्त घटलं आणि काकूंकडची रेघ ओलांडली गेली, तर गळती टाइल्सच्या सांध्यांतून किंवा भिंत-फरशीच्या कोपऱ्यातून आहे.

पाणी टिकलं तर दुसरी फेरी. प्लास्टिक काढा, जाळी उचला आणि चिंध्या भरलेली प्लास्टिकची पिशवी ट्रॅपच्या आत चार बोटं खाली घट्ट दाबून बसवा. आता पाणी ट्रॅपच्या गळ्यापर्यंत पोचतं, म्हणजे टाइल आणि ट्रॅप यांच्यामधला सांधाही तपासला जातो. पीव्हीसी आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे ट्रॅपच्या कडेने केसाएवढी फट जवळजवळ हमखास पडते. अंघोळीचं सगळं पाणी शेवटी तिथेच येतं.

दोन्ही वेळा पाणी टिकलं तर उरतं ड्रेनेज. फरशी कोरडी करून पाइपचं टोक ट्रॅपमध्ये खोल घाला आणि फरशी न भिजवता थेट आत दोन बादल्या पाणी सोडा. दुसऱ्या दिवशी फक्त कमोड तपासा: फ्लश टँकमध्ये खायचा लाल रंग टाकून पाच-सहा वेळा फ्लश करा. काकूंकडे लालसर थेंब दिसला तर शंकाच उरली नाही. रंग दिसला नाही म्हणून कमोड निर्दोष मात्र ठरवू नका, भरावातून येताना तो विरळ होतो. फरशीच्या चाचणीत रंग अजिबात टाकू नका, सिमेंटचे सांधे तो शोषून घेतात आणि डाग जात नाही. शेवटी हँडशॉवरने मिक्सरभोवतीची (गरम-गार पाण्याच्या एकत्र नळाभोवतीची) भिंत पाव तास भिजवा. मिक्सरच्या पितळी चकतीमागे उघडं भोक असतं, तिथून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून खाली जातं आणि फरशीवर उगाच आळ येतो.

१२ वर्षं जुन्या बाथरूममध्ये दोष सांध्यांत किंवा ट्रॅपच्या कडेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. या दोन्ही गोष्टी तुम्ही घरी करू शकता. त्या काळात टाइल्सचे सांधे बहुतेक ठिकाणी पांढऱ्या सिमेंटने भरलेले असत. सिमेंट मुळात पाणी शोषतं, वाळताना आकसतं, आणि आपण दर महिन्याला ॲसिडने बाथरूम घासतो तेव्हा त्यातला चुना विरघळून जातो. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काढायला ॲसिड वापरलं जातं हे खरं, पण टाइल चकचकीत होते आणि सांधा पोकळ होतो.

सामान असं: इपॉक्सी ग्राउटचा (सांध्यांत भरायच्या मालाचा) एक किलोचा डबा, सांधे खरवडायची कार्बाइडच्या दातांची ग्राउट करवत, रबरी फ्लोट (माल दाबायची रबराची थापी), पांढरा नायलॉनचा स्क्रब पॅड, दोन स्पंज, नायट्राइलचे हातमोजे, मास्क, बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉनची एक ट्यूब आणि तिची गन. हे रविवार कारंजाच्या किंवा नाशिक रोडच्या हार्डवेअर आणि टाइल्सच्या दुकानांत विचारा. एक फुटी टाइल्स, ३ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर खोल सांधा धरला तर एका चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम इपॉक्सी लागतं. तुमची फरशी २.६ चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास. वाया जाणारं आणि भिंतीच्या तळची एक ओळ धरून एक किलो पुरतं. दुकानदार ‘इपॉक्सी’ म्हणून सिमेंटच्या ग्राउटमध्ये मिसळायचं पांढरं दुधासारखं लिक्विड देतो, ते घेऊ नका. खऱ्या इपॉक्सीच्या डब्यात तीन भाग असतात: रेझिन, हार्डनर आणि पावडर.

आधी नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा. पोकळ वाजणाऱ्या टाइलखाली पाणी साठतं. अशा एक-दोन असतील तर गवंड्याकडून त्याच तेवढ्या बदलून घ्या. अर्धी फरशी पोकळ वाजत असेल तर मात्र पहिल्या ठेकेदाराचं म्हणणं बरोबर आहे, सांधे भरून काही होणार नाही.

मग खरवडायचं. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो आणि सगळ्यात जास्त आळसही इथेच होतो. जुन्या सिमेंटवर नुसता वरून हात फिरवला तर नवं ग्राउट पापुद्र्यासारखं निघून येतं. टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांश, म्हणजे ५-६ मिलिमीटर खोल जुना माल निघाला पाहिजे. करवत सांध्याला समांतर, हलक्या हाताने ओढा. वाकडी धरली की टाइलच्या काठाचा टवका उडतो. ग्राइंडरचा मोह टाळा. सवय नसलेल्या हातात तो टाइल तर चिरतोच, शिवाय खालचा कोबाही कापू शकतो. टाइल्स एकमेकींना चिकटवून लावलेल्या असतील आणि सांधा दीड मिलिमीटरपेक्षाही बारीक असेल, तर त्यात इपॉक्सी शिरत नाही. तिथे एवढ्यापुरता सराईत टाइल मिस्त्री बोलवा, तो पातळ डायमंड ब्लेडने सांधे उघडून देईल. भरायचं काम तुम्हीच करा.

धूळ ब्रशने आणि शक्य तर व्हॅक्यूम क्लीनरने काढा. मग किमान दोन दिवस वाळू द्या. सांध्यात ओल राहिली तर इपॉक्सी कडेला धरत नाही.

ट्रॅपची कड इपॉक्सी भरायच्या आधी करा. जाळी काढून केस-साबण स्वच्छ करा, पीव्हीसीचा काठ खरखरीत कागदाने घासा म्हणजे पकड येते. एम-सीलचे दोन भाग एकसारखा रंग येईपर्यंत मळून, टाइलच्या काठापासून ट्रॅपच्या आतल्या भिंतीपर्यंत सलग गोलाकार दाबा. बोट पाण्यात बुडवून गुळगुळीत करा. उतार ट्रॅपकडेच राहू द्या, उंचवटा राहिला तर पाणी अडून बसेल.

आता इपॉक्सी. एकदम सगळं कालवू नका, अर्धं अर्धं करा. तिन्ही भाग डब्यावरच्या प्रमाणात वजन काट्यावर मोजून घ्या. ‘अंदाजे’ घेतलं तर एकतर ते चिकटच राहतं नाहीतर हातातच घट्ट होतं. आधी रेझिन आणि हार्डनर दोन मिनिटं, मग पावडर टाकून पुन्हा तीन मिनिटं. भांड्याच्या तळाला आणि कडेला न मिसळलेलं रेझिन राहतं, ते खरवडून घ्या. कालवल्यापासून साधारण अर्धा-पाऊण तास हाताशी असतो. एप्रिल-मेच्या दुपारी तो वेळ निम्म्यावर येतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर करा. जानेवारीत उलट. आपल्याकडे निफाडइतकी नाही तरी पहाटेची थंडी कडाक्याची असते आणि गारठ्यात इपॉक्सी दोन दिवसही नरम राहतं. त्या दिवसांत भर दुपारी कामाला लागा.

आतल्या कोपऱ्यातून दाराकडे येत जा. फ्लोट सांध्याला तिरका धरून माल जोर देऊन आत दाबा. अर्धा चौरस मीटर झाला की थांबून साफ करा. पंधरा-वीस मिनिटांत स्क्रब पॅड कोमट पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, गोल गोल फिरवा. मग पिळलेल्या स्पंजने चिकटा उचला. पाणी जास्त झालं की सांध्यातलं रेझिन धुऊन जातं आणि सांधा खड्ड्यासारखा बसतो. टाइलवरचा चिकट थर त्याच दिवशी निघाला पाहिजे, सकाळपर्यंत दगड होतो. काम हातमोजे घालूनच करा, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगाला लागली की आयुष्यभर राहते.

भिंत आणि फरशी यांच्यामधला कोपरा इपॉक्सीने भरू नका. इमारत उन्हा-थंडीने किंचित हलते आणि कडक माल नेमका तिथेच चिरतो. तिथलं जुनं सिमेंट काढून सिलिकॉन भरा. तुमच्या बाथरूमचा घेर २२ फूट आहे, एक ट्यूब पुरून उरेल. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मधे ५ मिलिमीटरची सलग ओळ, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकच हात, आणि ओलं असतानाच टेप ओढायची. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही. म्हणूनच न्यूट्रल मागा. मिक्सरच्या चकत्यांमागेही हेच भरा. चकतीखाली अर्धा इंच जागा मोकळी सोडा, म्हणजे कधी आत नळ गळला तर पाणी समोर दिसेल.

चोवीस तास आत पाऊल नको. तीन दिवसांनी जपून वापर, सात दिवसांनी अंघोळ आणि त्याच दिवशी पुन्हा इंचभर पाणी भरून चाचणी. पुढे ॲसिड कायमचं बंद. क्षारांसाठी अधूनमधून पातळ लिंबाचं सत्त्व लावून लगेच धुवा.

काकूंना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: भरावातलं पाणी उतरायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. रेघेच्या आत डाग आक्रसत जाताना दिसला की समजा जमलं. रंग लगेच देऊ नका. दोन महिने वाळू द्या, पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलं की ते पुन्हा आत जातात आणि नव्या रंगाला फुगे आणतात. पोपड्यांखाली गंजलेली सळई दिसली, किंवा प्लास्टरसोबत काँक्रीटचाही तुकडा सुटून येत असेल, तर तिथे पुट्टी भरून झाकू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

चाचणीत दोष ड्रेनेज पाइपमध्ये निघाला तर तेवढ्याच पट्ट्यातली फरशी प्लंबरकडून उघडून घ्या आणि बंद करण्यापूर्वी स्वतः उभं राहून वॉटरप्रूफिंगचा थर जुन्या थरावर किमान अर्धा फूट चढवून घ्या. जोड तिथेच उघडा राहतो. सोसायटीला लेखी कळवूनच फोडाफोडी सुरू करा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार घरातल्या शौचालय-सिंकमुळे होणारी आतली गळती सभासदाच्या खर्चाने, आणि पावसाच्या पाण्याची किंवा सामायिक पाइपलाइनची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. बिल्डरकडून दुरुस्ती मागायची सोय मात्र तुमची इमारत जुनी असल्याने तुम्हाला लागू नाही. पण ज्यांना ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील त्यांनी कशालाही हात लावण्याआधी बिल्डरला लेखी कळवावं. बांधकामातला दोष कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं २०१६च्या रेरा कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे.

आता पश्चिमेची भिंत. पावसाळी वारा याच बाजूने मारतो. फक्त पावसात आणि फक्त खिडकीखाली ओल येते, त्यामुळे आधी स्लायडिंग खिडकीचा खालचा ट्रॅक बघा. त्याला बाहेरच्या बाजूला पाणी जायची बारीक भोकं असतात. धूळ, मेलेले किडे, रंगाचे थेंब यांनी ती बुजतात आणि ट्रॅक भरून पाणी आत सांडतं. पातळ तारेने ती मोकळी करा, मग लोटाभर पाणी ट्रॅकमध्ये ओतून बाहेर वाहतं का पाहा. फ्रेम आणि भिंत यांच्यातलं जुनं सिलिकॉन सुटलं असेल तर ते काढून नव्याने भरा, पण आतून हात पोचेल तेवढंच. खिडकीबाहेर वाकून किंवा छज्ज्यावर उतरून तिसऱ्या मजल्यावर काम करू नका. बाहेरच्या भिंतीची चीर सोसायटीच्या खर्चाची आहे, ती पाऊस उघडून भिंत वाळल्यावर पाळणा लावणाऱ्यांकडून भरून घ्यायला लावा. आतून डॅम्पप्रूफ रंग मारला तर पाणी भिंतीतच अडकतं आणि पुढच्या जुलैत थर फुगतो.

शेल्फ त्या भिंतीवर नको, ओलीने स्क्रूही गंजतील. दुसऱ्या भिंतीवर ड्रिल करताना भुकटीचा रंग बघा. लाल असेल तर वीट. पांढुरकी, मऊ असेल तर सिपोरेक्सचा (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा) ब्लॉक, आणि तुमचं भोक बहुधा त्यामुळेच मोठं होतंय. ड्रिलचा हॅमर (ठोके) बंद करून नुसतं फिरवत भोक पाडा, सिपोरेक्ससाठीची ८ मिलिमीटरची लांब नायलॉन गिट्टी वापरा. साधी इंचभर गिट्टी प्लास्टरमध्येच अडकते आणि प्लास्टरला पकड नसते. करडी भुकटी आली आणि बिट पुढे जात नसेल तर ते काँक्रीट आहे, कॉलम किंवा बीम, जागा बदला. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी तिथूनच गेलेल्या असतात. बिघडलेल्या भोकात काड्या ठोकून गिट्टी बसवण्यापेक्षा तीन इंच बाजूला नवं भोक घ्या आणि जुनं पुट्टीने बुजवा. तीन फुटी फळीवर गच्च पुस्तकं लावली की २५ ते ३० किलो भरतात. तेव्हा ब्रॅकेट तीन लावा, आणि ब्रॅकेटची उभी पट्टी आडव्या पट्टीइतकी तरी लांब घ्या, म्हणजे वरच्या स्क्रूवर ओढ कमी येईल.